झोपेची गोळी हाताशी, झोपेचा उपचार दूर

नागपूर, प्रतिनिधी

मार्च महिन्यात, वसंतसंपाताच्या आधीच्या शुक्रवारी 'जागतिक निद्रा दिन' पाळला जातो. २००८ पासून सुरू असलेल्या या प्रथेनुसार त्या दिवशी व्याख्याने होतात, तज्ज्ञांचे सल्ले छापून येतात आणि दुसऱ्या दिवशी विषय मागे पडतो. नागपूरकरांच्या झोपेची खरी परीक्षा मात्र त्यानंतरच सुरू होते. एप्रिल उजाडतो, माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, त्यांच्यातील वाळा बदलला जातो आणि पुढचे दोन-अडीच महिने रात्री कूस बदलण्यात जातात. मृगाचा पाऊस पडला की बहुतेकांची झोप परत येते. काहींची मात्र येत नाही. पावसाळा सरतो, थंडी येते, तरी त्यांची रात्र तशीच राहते आणि उशाशी गोळ्यांचे पाकीट कायमचे येऊन बसते.

या दुसऱ्या गटाचा प्रश्न आजवर फारसा चर्चिला गेलेला नाही. दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपचार कोणता, याचे उत्तर वैद्यकशास्त्राने गेल्या काही वर्षांत स्पष्टपणे दिले आहे आणि ते उत्तर झोपेची गोळी हे नाही. प्रत्यक्षात रुग्णाच्या वाट्याला येतो तो क्रम याच्या नेमका उलटा आहे. गोळी पहिल्याच भेटीत मिळते आणि खरा उपचार अनेकांना वर्षानुवर्षे ठाऊकही होत नाही. ही उलटापालट कशी झाली आणि ती सुधारता येईल काय, याचा विचार करणे आवश्यक आहे.

झोप कमी आणि झोप न येणे

प्रथम एक गल्लत दूर करायला हवी. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार सहा वर्षांवरील भारतीय दिवसाकाठी सरासरी ५५२ मिनिटे, म्हणजे नऊ तासांहून अधिक वेळ झोपेसाठी देतात. हा आकडा पाहिला तर देशात झोपेचा प्रश्नच नाही, असे वाटेल. परंतु अंथरुणावर घालवलेला वेळ आणि प्रत्यक्ष लागलेली झोप या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

त्याचप्रमाणे झोपेला वेळच न मिळणे आणि वेळ असूनही झोप न येणे यांतही मोठा फरक आहे. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत आठवड्याला पाळी बदलणारा कामगार, रेल्वेचा लोको पायलट, रात्रीची वीज मिळते म्हणून काटोलच्या शिवारात मध्यरात्री पंप सुरू करायला जाणारा संत्राउत्पादक, यांची झोप हिरावली जाते. त्यांच्या दुखण्याचा उपाय कामाच्या वेळापत्रकात आणि विजेच्या नियोजनात आहे. निद्रानाशाच्या रुग्णाजवळ मात्र खोली असते, अंथरूण असते, सात-आठ तासांची मोकळी रात्र असते आणि तरीही डोळा लागत नाही, किंवा लागला तर दोन वाजता उघडतो आणि पुन्हा मिटत नाही.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांनुसार असा त्रास आठवड्यातून किमान तीन रात्री आणि सलग तीन महिने होत असेल, आणि त्यामुळे दिवसाच्या कामकाजावर परिणाम होत असेल, तर तो निद्रानाशाचा विकार समजला जातो. जगभरातील पाहण्यांमध्ये साधारणत: एक तृतीयांश प्रौढांना निद्रानाशाची काही ना काही लक्षणे आढळतात, तर दहापैकी एकाला हा विकार दीर्घकाळ जडलेला असतो. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांवर होती. तिच्यातील प्रौढांना हेच प्रमाण लावले, तर रुग्णसंख्या दीड लाखाच्या पुढे जाते. हा हिशेब अंदाजाचा असला तरी विषय मूठभरांच्या तक्रारीचा नाही, एवढे त्यावरून निश्चित कळते.

एके काळी निद्रानाश हे दुसऱ्या कुठल्या तरी आजाराचे लक्षण मानले जाई. नैराश्य बरे झाले की झोप आपोआप येईल, असा समज होता. तो आता मागे पडला आहे. निद्रानाश असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो, असे २०११ साली अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसून आले. म्हणजे लक्षण समजून ज्याकडे दुर्लक्ष केले, तेच पुढच्या आजाराचे कारण ठरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात झोप-जागृतीच्या विकारांना स्वतंत्र प्रकरण देण्यात आले. त्यापूर्वी हे विकार 'शरीराचे' आणि 'मनाचे' अशा दोन कप्प्यांत वाटले गेले होते. कागदावरची ही फाळणी संपली असली तरी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत ती अजून कायम आहे. छातीविकार, कान-नाक-घसा, मेंदूविकार आणि मानसोपचार या चार खिडक्यांपैकी नेमके कुठे जायचे, हे झोप न येणाऱ्या माणसाला उमगत नाही.

आजार टिकतो कसा?

झोप दोन गोष्टींच्या मेळातून येते. झ्युरिचचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेली ही कल्पना आजही आधारभूत मानली जाते. जागेपणाचे तास वाढतात तसतसा झोपेचा दाब वाढत जातो, ही पहिली गोष्ट. मेंदूतील जैविक घड्याळ प्रकाशाच्या साह्याने दिवस-रात्र ओळखते, ही दुसरी. या घड्याळाच्या रेणवीय यंत्रणेचा उलगडा करणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दाब पुरेसा साठलेला असेल आणि घड्याळाने रात्र झाल्याचे सांगितले असेल, तर झोप येते. तिला ओढून आणावे लागत नाही.

मग ती बिघडते कशी? न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये याचे तीन पायऱ्यांत उत्तर दिले. काही माणसे स्वभावत:च हलक्या झोपेची किंवा काळजीखोर असतात. ही झाली पूर्वपीठिका. त्यावर एखादे निमित्त घडते. मुलीचे लग्न, नोकरीतील बदली, घरातील आजारपण, २०२०-२१ मधील करोनाचा काळ किंवा नागपूरचा मे महिना, काहीही निमित्त होऊ शकते. निमित्त सरल्यावर झोप परत यायला हवी. ती येत नाही, कारण मधल्या काळात माणसाने झोप भरून काढण्यासाठी केलेले उपायच तिसरी पायरी बनतात आणि आजाराला धरून ठेवतात.

हे उपाय आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहेत. रात्री झोप झाली नाही म्हणून सकाळी उशिरापर्यंत लोळणे, दुपारी दोन तास वामकुक्षी घेणे, आज तरी लवकर झोपू म्हणून नऊ वाजताच दिवा मालवणे. यांतील प्रत्येक उपाय झोपेचा दाब कमी करतो. दुपारी दोन तास झोपलेल्या माणसाकडे रात्री दहा वाजता पुरेशी झोप साठलेलीच नसते. मग तो अंथरुणावर जागा राहतो, घड्याळ पाहतो, 'आता झोपलो तरी चारच तास' असा हिशेब मांडतो आणि त्या हिशेबाने आणखी जागा होतो. असे महिनोन्‌महिने चालले की अंथरूण म्हणजे झोपेची जागा, हे नाते तुटते आणि अंथरूण म्हणजे जागरणाची जागा, असे नवे नाते मेंदूत तयार होते. दिवाणखान्यातील खुर्चीत पेंगणारा माणूस पलंगावर पडताच टक्क जागा होतो, त्याचे कारण हेच.

नागपूरची रात्र

निमित्तांचा विचार करताना या शहराला वगळून चालणार नाही. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. २०२४ च्या मेअखेरीस तर शहरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद दाखवली आणि देशभर खळबळ उडाली. तो यंत्रातील बिघाड असल्याचे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले. परंतु दुपारच्या आकड्यांवर एवढी चर्चा करणारे शहर रात्रीच्या तापमानाबद्दल क्वचितच बोलते. मे महिन्यात नागपूरचे किमान तापमान सरासरीनेच २८ अंशांच्या आसपास असते. दिवसाचे तापमान ४० अंशांवर असताना किमान तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून अधिक चढले, तर हवामान खाते 'उष्ण रात्र' असा इशारा देते.

झोपेच्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे आहे. झोप लागण्यासाठी शरीराचे आतील तापमान उतरावे लागते. त्यासाठी शरीर हातापायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर टाकते. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता ओकत असेल, तर शरीराने ती टाकायची कुठे? 'वन अर्थ' या नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६८ देशांतील ४७ हजारांहून अधिक लोकांच्या मनगटी पट्ट्यांवरील नोंदी तपासण्यात आल्या. उष्ण रात्री माणसे उशिरा झोपतात आणि झोपेचे एकूण तास घटतात, असे त्यात आढळले. वृद्ध, स्त्रिया आणि गरीब देशांतील रहिवासी यांच्यावर हा परिणाम अधिक होता. पूर्वी गच्चीवर पाणी शिंपडून गाद्या घालण्याची नागपुरी रीत होती. बहुमजली इमारतींत ती उरली नाही. ज्याला वातानुकूलन यंत्र परवडते त्याची रात्र आणि पत्र्याच्या घरात राहणाऱ्याची रात्र यांतील अंतर त्यामुळे वाढत चालले आहे.

दुसरे निमित्त आवाजाचे. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि त्या वेळेत ध्वनिक्षेपकांना मनाई आहे. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. नियम पुरेसे कडक आहेत. लग्नसराईत आणि मिरवणुकांच्या दिवसांत त्यांचे काय होते, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

न्यायालयांनी मात्र झोपेची दखल गांभीर्याने घेतली आहे. दिल्लीच्या रामलीला मैदानावर जून २०११ मध्ये झोपलेल्या जमावावर पोलिसांनी मध्यरात्री कारवाई केली. त्या प्रकरणात २३ फेब्रुवारी २०१२ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने झोप ही मूलभूत गरज असल्याचे सांगून तिचा संबंध घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काशी जोडला. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सक्तवसुली संचालनालयाच्या रात्रभर चाललेल्या चौकशीबाबत नापसंती व्यक्त केली, झोपेचा हक्क ही मूलभूत मानवी गरज असल्याचे नमूद केले आणि जबाब नोंदवण्याच्या वेळांबाबत परिपत्रक काढण्याचे निर्देश दिले. आरोग्यव्यवस्थेने मात्र झोपेला हे स्थान अद्याप दिलेले नाही.

गोळीचा सोपा मार्ग

आज झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी बहुतेक 'बेन्झोडायझेपिन' या कुळातील किंवा त्यांच्या जवळच्या आहेत. या कुळातील पहिले औषध १९६० मध्ये आणि प्रसिद्ध 'व्हॅलियम' १९६३ मध्ये बाजारात आले. त्याआधीच्या बार्बिट्युरेट गोळ्यांच्या तुलनेत ती कितीतरी सुरक्षित होती, त्यामुळे डॉक्टरांनी त्यांचे स्वागत केले. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ही आजची परिचित नावे त्याच कुळातील होत. तीव्र ताणाच्या प्रसंगी, थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही औषधे उपयोगी पडतात, याविषयी वाद नाही.

वाद आहे तो त्यांच्या मुदतीविषयी. काही आठवड्यांत शरीराला त्यांची सवय होते, तीच मात्रा अपुरी पडू लागते आणि गोळी एकदम थांबवली तर झोप पूर्वीपेक्षाही अधिक बिघडते. रुग्णाला वाटते, आपला आजारच उसळून आला. वास्तविक ती गोळी सुटल्याची प्रतिक्रिया असते. मग गोळी पुन्हा सुरू होते आणि महिन्याची मुदत वर्षांवर जाते. वृद्धांमध्ये तोल जाणे, पडणे, खुब्याचे हाड मोडणे आणि स्मृती मंदावणे असे धोके वाढतात. म्हणूनच अमेरिकन वार्धक्यशास्त्र संघटनेच्या, २०२३ मध्ये सुधारलेल्या यादीत ही औषधे ज्येष्ठांसाठी टाळण्याजोगी ठरवण्यात आली आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये झोल्पिडेमसारख्या गोळ्यांवर झोपेत चालणे, झोपेत वाहन चालवणे अशा घटनांबाबत, तर २०२० मध्ये सर्व बेन्झोडायझेपिनांवर व्यसनाधीनतेबाबत सर्वांत ठळक श्रेणीचा इशारा छापणे बंधनकारक केले.

आपल्याकडेही कायदा आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१३ मध्ये काढलेल्या आणि १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या अधिसूचनेनुसार अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे 'एच-१' अनुसूचीत आहेत. त्यांच्या वेष्टनावर लाल चौकटीत इशारा असतो. दुकानदाराने डॉक्टरांचे, रुग्णाचे नाव आणि औषधाची मात्रा वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवायची असते. हा कायदा चिठ्ठीशिवाय होणारी विक्री रोखण्यासाठी आहे. चिठ्ठी असेल आणि तीच जुनी चिठ्ठी वर्षानुवर्षे वापरली जात असेल, तर काय, हा प्रश्न उरतोच. नुसती बंदी कडक करूनही तो सुटणार नाही. रुग्ण गोळी घेतो, कारण त्याला दुसरे काही देऊ केले गेलेले नसते.

गोळीविना उपचार

हे 'दुसरे काही' अस्तित्वात आहे. बोधनिक वर्तनोपचार, म्हणजे डॉक्टर ज्याला 'सीबीटी-आय' म्हणतात, ती पद्धत हाच दीर्घकालीन निद्रानाशावरील पहिला उपचार असावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली. युरोपीय तज्ज्ञांनी २०१७ मध्ये तेच सांगितले आणि २०२३ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला. साधारणपणे सहा ते आठ बैठकांचा हा उपचार आहे आणि त्याचा गुण उपचार संपल्यावरही टिकतो.

त्याचे स्वरूप ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. पहिली पायरी म्हणजे एक-दोन आठवडे झोपेची रोजनिशी लिहिणे. समजा, एखादे निवृत्त गृहस्थ रात्री साडेनऊला अंथरुणावर पडतात आणि सहाला उठतात. साडेआठ तासांपैकी त्यांना झोप लागते साडेपाच तास. म्हणजे अंथरुणावरील वेळेच्या जेमतेम ६५ टक्के. उपचारक त्यांना लवकर झोपण्यास सांगत नाही. उलट मध्यरात्री बाराला झोपायचे आणि झोप होवो वा न होवो, साडेपाचला उठायचे, असे वेळापत्रक आखून देतो. दुपारची झोप बंद. पहिले काही दिवस कठीण जातात. परंतु झोपेचा दाब साठत जातो, तुटक झोप सलग होऊ लागते आणि हे प्रमाण ८५ टक्क्यांवर गेले की झोपेची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवली जाते. अंथरुणावरील वेळ पाच तासांहून कमी सहसा केला जात नाही. अपस्मार किंवा उन्माद-नैराश्याचा विकार असणाऱ्यांनी आणि वाहनचालकांनी हा प्रयोग तज्ज्ञांशिवाय करू नये.

दुसरा भाग अंथरुणाशी तुटलेले नाते जोडण्याचा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बुटझिन यांनी १९७२ मध्ये तो मांडला. झोप आली तरच अंथरुणावर जायचे, अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचे आणि झोप आल्यावरच परतायचे. घड्याळ पाहायचे नाही. अंथरुणावर जेवण, दूरचित्रवाणी, मोबाइल यांना स्थान नाही. तिसरा भाग विचारांचा आहे. 'आठ तास झोप झाली नाही तर उद्याचा दिवस वाया जाणार' यासारख्या समजुती तपासून पाहायच्या आणि झोपेविषयीची धास्ती कमी करायची.

येथे वृत्तपत्रांनीही थोडे आत्मपरीक्षण करणे योग्य ठरेल. सायंकाळनंतर चहा-कॉफी टाळा, कोमट पाण्याने स्नान करा, जायफळ घातलेले दूध घ्या, अशा सल्ल्यांच्या चौकटी आम्ही नेहमीच छापतो. चरकसंहितेने निद्रेला शरीराच्या तीन उपस्तंभांपैकी एक मानले आणि अभ्यंग, स्नान, दूध असे उपाय सांगितले, त्यांतील शहाणपण नाकारण्याचे कारण नाही. निरोगी माणसाची झोप सांभाळण्यास या सवयी उपयुक्त आहेत. परंतु जडलेला निद्रानाश एवढ्यानेच बरा होत नाही. केवळ अशा सवयींचा सल्ला हा एकट्याने उपचार म्हणून वापरू नये, असे अमेरिकन निद्रावैद्यक अकादमीने २०२१ मध्ये सुचवले आहे. सर्व पथ्ये पाळूनही झोप न आलेला रुग्ण स्वत:लाच दोष देऊ लागतो, हा त्याचा आणखी एक तोटा.

अडते कुठे?

उपचार सिद्ध असताना तो पोहोचत का नाही? पहिली अडचण वेळेची. प्राथमिक उपचारात डॉक्टर रुग्णाला किती वेळ देतात, याचा जागतिक आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारताचा आकडा सुमारे दोन मिनिटांचा होता. दोन मिनिटांत रोजनिशी वाचून होत नाही, गोळीचे नाव मात्र लिहून होते. याचा दोष एकट्या डॉक्टरांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मेडिकल किंवा मेयोच्या बाह्यरुग्ण विभागातील सकाळची रांग ज्याने पाहिली आहे, त्याला डॉक्टरांची अडचणही कळेल.

दुसरी अडचण मनुष्यबळाची. देशात लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पूर्ण येत नाही आणि प्रशिक्षित चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची संख्या तर त्याहूनही तोकडी आहे. वर्तनोपचार हे मुख्यत: त्यांचेच काम आहे.

तिसरी अडचण लोकलज्जेची. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचे आहे. त्याच्या जवळच्या चौकाला लोक आजही 'पागलखाना चौक' म्हणतात. ऑटोरिक्षावाल्याला ते नाव सांगून झोपेच्या तक्रारीसाठी तिकडे जायला कोण तयार होईल? त्यापेक्षा ओळखीच्या डॉक्टरांची चिठ्ठी बरी वाटते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराचा हक्क दिला, तरी हा संकोच कायद्याने जाणारा नाही.

पुढचा मार्ग

यावर मार्ग नाही, असे नाही. ब्रिटनमध्ये प्राथमिक दवाखान्यांतील परिचारिकांना थोडे प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत वेळापत्रकाचा हा उपचार ६४२ रुग्णांच्या चाचणीत अजमावण्यात आला. केवळ चार भेटींत रुग्णांना लक्षणीय आराम पडल्याचे 'लॅन्सेट'मध्ये २०२३ साली प्रसिद्ध झाले. तेथील आरोग्य मूल्यमापन संस्थेने २०२२ मध्ये झोपेच्या गोळ्यांना पर्याय म्हणून मोबाइलवरील सहा आठवड्यांच्या एका उपचारक्रमाची शिफारसही केली. याचा अर्थ, प्रत्येक रुग्णाला तज्ज्ञच हवा, असे नाही.

महापालिकेच्या दवाखान्यांतील परिचारिका आणि समुपदेशक यांना असे प्रशिक्षण देणे, रोजनिशीचे एक पानी मराठी कोष्टक आणि सूचनापत्र तयार करणे, मेडिकल किंवा एम्समध्ये आठवड्यातून एक दिवस छातीविकार, मेंदूविकार आणि मानसोपचार या विभागांचा एकत्रित निद्रा बाह्यरुग्ण विभाग चालवणे, यांपैकी कशालाही मोठी यंत्रसामग्री लागत नाही. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे, पाय शिवशिवणे, थायरॉइडचे विकार, नैराश्य यांचे रुग्ण अशा विभागात आधीच वेगळे काढता येतील, कारण त्यांचा उपचार निराळा आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा नि:शुल्क क्रमांक भारतीय भाषांतून उपलब्ध आहे. झोपेच्या तक्रारीसाठीही तेथे बोलता येते, हे लोकांना सांगितले गेले पाहिजे. उष्णतेचा मुकाबला करण्याच्या आराखड्यांत दुपारच्या उन्हाबरोबर उष्ण रात्रींचाही विचार व्हायला हवा आणि रात्री दहाची मर्यादा पाळली जाते की नाही, याची जबाबदारी निश्चित व्हायला हवी.

जे आधीच अनेक वर्षे गोळी घेत आहेत, त्यांनी हा लेख वाचून ती आज रात्रीच बंद करू नये. एकदम थांबवल्यास झटके येण्याइतपत धोका असतो. २०२५ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनांनी प्रसिद्ध केलेल्या संयुक्त मार्गदर्शक सूचनांनुसार मात्रा दर दोन ते चार आठवड्यांनी सुमारे ५ ते १० टक्क्यांनी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करायची असते. त्याच्या जोडीला वर्तनोपचार असेल तर यश येण्याची शक्यता वाढते. त्यासाठी काही महिने लागू शकतात, पण गोळी सुटू शकते.

पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर बसताना रुग्णाने एवढे तरी विचारावे: ही गोळी किती दिवसांसाठी आहे आणि तिच्याशिवाय दुसरा उपचार कुठे मिळेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांनी द्यायचे आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी महापालिका आणि राज्याचे आरोग्य खाते यांच्यावर आहे, आणि ते उत्तर देण्यासाठी पुढच्या निद्रा दिनाची वाट पाहण्याचे कारण नाही.